बाराच्या आतलं जेवण

फादरना भंतेजी म्हणायचं नाही, एवढी एकच गोष्ट चांगुणाबाईंनी आजवर मान्य केली होती. बाकी सगळं त्यांच्याच मनाप्रमाणे चाललं होतं.

"मग म्हणायचं काय?" भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं.

"फादर म्हण आन् हात जोड. झालं की," बुद्धभूषण म्हणाला. धाकटा लेक. उंबऱ्यात बसून मिक्सरची वायर सोलत होता. चर्चमधला माईक दुरुस्त करायला गेला तेव्हापासून फादर अमरेश यांच्याशी त्याची चांगली ओळख होती आणि त्या ओळखीवर गेले आठ दिवस तो घरात भाव खात होता.

"फादर म्हंजे बाप की रं?"

"व्हय."

"तुझा बाप तितं पेपर वाचत बसलाय. त्यांच्यादेखत दुसऱ्याला बाप म्हणू?"

"म्हण की," पेपरामागून धोंडिराम म्हणाले. "मला तरी तू आजवर कवा काय म्हटलंयस? सगळा संसार 'अवं, ऐकलं का'वर निभावला."

चांगुणाबाईंनी भाकरी जरा जोरातच तव्यावर टाकली. हसू आलं होतं, पण आज हसायला वेळ नव्हता.

खरं तर सगळा घोळ बुद्धभूषणनं घातला होता. थोरल्या भावाच्या, रत्नदीपच्या मुलीला, बुद्धप्रियाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कानात मशीन बसवायचं ऑपरेशन सरकारी योजनेतून होणार होतं, ते नक्की झालं होतं. पण ऑपरेशननंतर वर्षभर तरी पुण्यात राहून पोरीला ऐकायला आणि बोलायला शिकवावं लागतं. नाहीतर मशीन असून नसल्यासारखं. तो राहण्याचा आणि शिकवणीचा खर्च या घराच्या आवाक्यात नव्हता. शिवाय पोर पाच वर्षांची व्हायच्या आत हे झालं तर उपयोग, आणि दिवाळीनंतर तिला पाचवं संपणार होतं. चर्चकडून मदत मिळते असं बुद्धभूषणनं ऐकलं होतं. तो विचारायला म्हणून फादरकडे गेला, समोर उभा राहिला आणि ऐन वेळी त्याची जीभ अडखळली.

"काय रे भूषण, काही काम होतं?"

"न्हाय, आईनं जेवायला बोलावलंय तुमाला," तो बोलून गेला.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा चांगुणाबाई रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्या उलट खूश झाल्या. रिकाम्या हातानं मागायला जाण्यापेक्षा आधी माणसाला पोटभर जेवू घालावं, हे त्यांना फार योग्य वाटलं. पण धर्माच्या माणसाला जेवू घालायची त्यांना एकच रीत माहीत होती. विहारात भंते यायचे तेव्हा जशी असायची तशी. पांढरी चादर, इतरांपेक्षा उंच आसन, मटण-मासळी नाही, त्यांच्याआधी घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही आणि सगळं दुपारी बाराच्या आत. बारा वाजून गेले की भंते अन्नाला हात लावत नाहीत.

"आई, ते मटण खात्यात. ख्रिसमसला माझ्या शेजारी बसून खाल्लंय."

"खात असतील. माझ्या घरात झगा घातलेल्या माणसाच्या ताटात मी मटण वाढायची न्हाय."

"आन् ते रात्री बी जेवत्यात. बाराचं काय न्हाय त्यांना."

"तू वायर बघ तुझी."

वांग्याची भाजी, शेंगांची चटणी, पातळ भाकऱ्या आणि खपली गव्हाची खीर. पहाटे उठून एकट्या बाईनं सगळं केलं होतं. सून चैताली सकाळीच पोरीला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे तपासणीला गेली होती.

*

रत्नदीप ड्यूटीवरून आला तो कपाळाला आठी घालूनच. एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करणारा आवाज त्याचा. "अक्कलकोट मार्गे दुधनीला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे," हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस गावात सापडायचा नाही. जयंतीच्या स्टेजवरही सूत्रसंचालन त्याचंच. एवढा आवाज बाहेर गाजत होता आणि घरातलं पोर त्याला कधी ओ देत नव्हतं. याबद्दल तो कुणाशी बोलायचा नाही.

चर्चची मदत घ्यायला त्याचा विरोध होता. पहिल्या दिवशी त्यानं तसं स्पष्ट सांगितलं. तेव्हा बुद्धभूषण आणि आई एका बाजूला झाले, वडिलांनी 'तुमचं तुमी बघा' म्हणून पेपर वर धरला आणि चैताली काहीच बोलली नाही. ती बोलली नाही याचा अर्थ ती आपल्या बाजूनं आहे, असं रत्नदीपनं धरून चाललं होतं. नवरे असंच धरून चालतात.

"पांढरी चादर आंथरलीय?" त्यानं आत डोकावून विचारलं. "आई, उद्या वस्तीत काय म्हणतील कळतंय का तुला? रत्नदीपचं घर बाटलं म्हणतील. आधी आपल्या लोकांत विचारू की. वर्गणी काढू."

"तुझ्या लोकांनी जयंतीच्या मंडपाची वर्गणी अजून दिली न्हाय," बुद्धभूषण म्हणाला.

"तू गप रे. आणि ते आले की मी तोंडावर सांगणार हाय. आमी बौद्ध आहोत, बौद्धच राहणार. मग पुढचं बोलणं."

"सांग की," चांगुणाबाई म्हणाल्या. "पण जेवण झाल्यावर. ताटावरच्या माणसाला काय बोलायचं न्हाय."

बाहेर स्कूटर थांबली. चांगुणाबाईंनी लुगड्याचा पदर सारखा केला, दाराशी आल्या आणि थबकल्या. साधी पँट, चौकड्याचा शर्ट आणि हातात हेल्मेट घेतलेला एक काळासावळा, हसरा माणूस बूट काढत होता.

"झगा कुटं हाय?" त्यांनी बुद्धभूषणच्या कानात विचारलं.

"सारखा घालत न्हाईत."

म्हणजे मटण चाललं असतं, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, पण आता इलाज नव्हता. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. त्यांनी हात जोडले. फादर की दुसरं काही, हा घोळ शेवटी सुटला नाहीच. "या बाबा," त्या म्हणाल्या, "आदी बसून घ्या. बोलायचं मागनं."

"पाणी तरी..." फादर म्हणाले.

"पाणी ताटाजवळ हाय."

*

फादर अमरेश दुधनीच्या पलीकडच्या, कर्नाटकातल्या एका खेड्यातले. मराठी छान बोलायचे, पण प्रत्येक वाक्याला कन्नडचा हेल. आपल्याला एवढ्या घाईनं ताटावर का बसवलं, घरातली माणसं आपल्याभोवती भिंतीला टेकून उभी का आहेत आणि आजोबा सारखे घड्याळाकडे का बघताहेत, हे त्यांना कळेना. त्यांनी डोळे मिटले, कपाळाला, छातीला आणि खांद्यांना हात लावला आणि जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. ती जरा लांबली.

"डोळे कवा उघडणार?" चांगुणाबाई पुटपुटल्या. "काटा बाराकडं चाललाय की."

"आई!"

"तुम्ही पण बसा की सगळे," डोळे उघडून फादर म्हणाले.

"तुमचं होऊ द्या," धोंडिराम म्हणाले. ते विहाराच्या समितीचे जुने सचिव होते, आणि भोजनदानात कसलीही कसर राहिलेली त्यांना खपायची नाही.

पहिल्या घासाला फादरना चटणी लागली, डोळ्यांत पाणी आलं आणि तरीही त्यांनी आणखी मागितली. तेवढ्यावर चांगुणाबाईंनी त्यांना आपलं मानलं. खीर वाढली तेव्हा तर फादरचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"अरे, हुग्गी! आमची आई करायची. इथं सोलापुरात आल्यापासून मी खाल्लीच नाही बघा."

"खा, खा. आजून हाय."

रत्नदीपला हे सगळं बघवेना. आईनं ताटावर काही बोलायचं नाही म्हटलं होतं, पण खीर बघून विषय गोड व्हायला लागला होता आणि गोड झालेल्या विषयात आपल्याला ठाम बोलता येणार नाही याची त्याला भीती वाटली.

"फादर, एक सांगतो," तो स्टँडवरच्या आवाजात म्हणाला. "आम्ही बौद्ध आहोत. आमचा धर्म आम्ही सोडणार नाही."

फादरचा घास हातातच राहिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बुद्धभूषणकडे पाहिलं. बुद्धभूषण पंख्याकडे बघत होता.

"सोडू नका की," फादर म्हणाले. "कुणी सांगितलं सोडा म्हणून? ताई, हुग्गी अजून थोडी वाढा."

चांगुणाबाईंनी लेकाकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला.

जेवण संपलं तेव्हा बारा वाजायला आले होते. धोंडिरामांनी समाधानानं मान हलवली, हात जोडले आणि सवयीनं, विहारात म्हणतात तसं, खड्या आवाजात म्हणाले, "साधु, साधु, साधु." चांगुणाबाईंनी आणि बुद्धभूषणनंही म्हटलं. फादर दचकले, मग त्यांनीही हात जोडले.

आणि त्याच क्षणी चांगुणाबाईंच्या ध्यानात आलं.

साधु म्हटलं. म्हणजे दान पूर्ण झालं. आणि दान दिल्यावर त्याच्या बदल्यात काही मागायचं नसतं. मागच्याच महिन्यात वस्तीतल्या एकानं भंतेंना जेवू घातलं आणि वर पोराच्या नोकरीसाठी काही करता येतं का म्हणून विचारलं, तेव्हा धोंडिरामांनी त्याला चारचौघांत झापलं होतं. दान देऊन वर मागितलं तर ते दान राहत न्हाय, बाजार होतो, असं म्हणाले होते. चांगुणाबाई शेजारीच होत्या आणि त्यांनीही मान डोलावली होती. फादरना साधं पाहुणा म्हणून बोलावलं असतं, चार गोष्टी बोलत मटण वाढलं असतं, तर विषय सहज काढता आला असता. त्यांनी मात्र हौसेनं पांढरी चादर अंथरून आपल्याच तोंडाला कुलूप लावून घेतलं होतं.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. धोंडिरामांच्याही ते ध्यानात आलं होतं. म्हातारा नजर चुकवत होता.

"बरं, येतो मग," फादर उठले. "लई दिवसांनी घरचं जेवलो. भूषण, पुढच्या आठवड्यात त्या माईकचं बघ एकदा, पुन्हा खरखर करतोय."

बुद्धभूषणनं आईकडे पाहिलं, आईनं रत्नदीपकडे. रत्नदीपला खरं तर सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. पण दुसऱ्याच क्षणी पोरीचा चेहरा समोर आला आणि आपल्याला बरं वाटलं याचीच त्याला लाज वाटली.  

फादर दारात बसून बूट घालू लागले.

*

चैताली गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरली तेव्हा बुद्धप्रिया तिच्या खांद्यावर जागीच होती आणि आईच्या कानातल्या रिंगशी खेळत होती. डॉक्टरांनी आजही तेच सांगितलं होतं, फक्त या वेळी जरा कडक शब्दांत. नुसतं ऑपरेशन करून आणणार असाल तर करू नका, पुढचं जमणार असेल तरच करा. रिक्षात बसून ती सारखा एकच विचार करत होती. घरात गेले आठ दिवस फादरना काय म्हणायचं यावर वाद चालला होता. फादर म्हणायचं, बाबा म्हणायचं, साहेब म्हणायचं. आणि आपल्याला या लेकरानं अजून आई म्हटलेलं नाही. याचं कुणाला काहीच कसं वाटत नाही?

वाटत होतं, हे तिलाही माहीत होतं. पण रागावायला कुणीतरी लागतं.

दारात अनोळखी माणूस बुटाची नाडी बांधताना दिसला. ती आत शिरली आणि तिनं सासूला कोपऱ्यात ओढलं.

"आत्याबाई, बोललात का?"

"न्हाय गं," चांगुणाबाईंचा आवाज रडकुंडीला आला होता. "दान झालं. आता कसं मागायचं? ह्यांनी बी साधु म्हणून टाकलं."

चैतालीनं सासऱ्याकडे पाहिलं. ते चादरीची घडी घालत होते, चादर मुळीच चुरगळलेली नसताना.

"भाकरी कुणी थापल्या?" तिनं विचारलं.

"मीच की."

"आन् खीर?"

"मीच. का गं?"

"म्हंजे मी कशाला हात लावला न्हाय."

"तू तर सकाळधरनं दवाखान्यात."

"मग ते दान तुमचं. माझं काय बी दान झालेलं न्हाय," चैताली म्हणाली. "मी मागू शकते."

चांगुणाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग दोघींनी धोंडिरामांकडे पाहिलं. या घरात असल्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा होता. म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले, खरंच विचार केला आणि म्हणाला, "तिचं म्हणणं नियमात बसतंय."

ती दाराकडे वळली तेव्हा रत्नदीप मध्ये उभा होता. त्याला वाटलं, ती थांबेल. ती थांबली नाही. "सरका जरा," एवढंच म्हणाली.

"फादर," चैताली म्हणाली. तिला तो शब्द म्हणताना काहीच जड गेलं नाही. "ही माझी मुलगी, बुद्धप्रिया. हिला ऐकू येत न्हाय."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. ऑपरेशनचं, पुण्यातल्या शिकवणीचं, दिवाळीचं. मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबली, तेवढंच. "आमाला मदत पायजे," शेवटी म्हणाली. "आन् हे जेवण मी केलेलं न्हाय, म्हणून मागतीय."

शेवटचं वाक्य फादरना कळलं नाही. बुद्धभूषणनं खाली बसून त्यांना भंतेंच्या भोजनदानाची सगळी हकिकत सांगितली, बारा वाजायच्या घाईसकट. फादर आधी मोठ्यानं हसले. मग त्यांनी घातलेला बूट पुन्हा काढला आणि आत येऊन जमिनीवरच बसले.

"ताई," ते चांगुणाबाईंना म्हणाले, "तुम्ही मला फार मोठ्या जागेवर बसवलं. मी तेवढा मोठा नव्हे. आणि आमचं चर्च बी श्रीमंत नव्हे, आधीच सांगतो. पण पुण्याला सिस्टर लोकांचं वसतिगृह आहे. आई आणि मुलीला राहायला खोली मिळते का, ते मी आजच फोन करून विचारतो. शिकवणीच्या खर्चासाठी बिशपांना लिहितो. ते किती देतील ते माझ्या हातात नाही. उरलेलं आमच्या चर्चच्या लोकांपुढं मांडावं लागेल. रविवारी मिस्सा, म्हणजे आमची प्रार्थना झाल्यावर."

"तुमी सांगा की त्यांना," चांगुणाबाई म्हणाल्या.

"मी दर रविवारी काहीतरी मागतच असतो. छपराला मागतो, शाळेला मागतो. त्यांना सवय झालीय. घरच्यांनी सांगितलं तर ऐकतील." त्यांनी रत्नदीपकडे पाहिलं. "तुमचा आवाज चांगला आहे. मघाशी ऐकला मी."

बुद्धभूषण खुदकन हसला. रत्नदीपची मान खाली गेली.

"तिथं लोकांना काय म्हणून सुरुवात करायची असते?" त्यानं विचारलं.

"तुम्ही रोज काय म्हणून सुरुवात करता?"

"जय भीम."

"मग तेच म्हणा की," फादर म्हणाले. "आमच्याकडं निम्म्या लोकांना ते माहीत आहे, उरलेल्यांना माहीत होईल."

*

रविवारी सगळं घर चर्चमध्ये गेलं. चांगुणाबाई विहारात नेसायचं पांढरं पातळ नेसून आल्या होत्या, त्यामुळे इतर बायकांनी त्यांना फार आदरानं पुढच्या बाकावर जागा करून दिली. धोंडिराम शेवटच्या बाकावर ताठ बसले होते. इतक्या लोकांसमोर उठायचं कधी आणि बसायचं कधी ते त्यांना समजत नव्हतं, म्हणून ते शेजारच्याकडे बघून उठत होते.

रत्नदीपनं भाषण पाठ केलं होतं. चांगलं होतं ते. माणुसकी, समता, बंधुता, सगळं त्यात होतं. मदतीचा उल्लेख अगदी शेवटी, आणि तोही असा की कुणी मदत दिली तर दिली, आपण मागितली असं होऊ नये. चैतालीला त्यानं ते आदल्या दिवशी म्हणून दाखवलं होतं. "चांगलं हाय," ती म्हणाली होती आणि भांडी घासायला गेली होती.

फादरनी पुढे बोलावलं. आज झग्यात होते ते, चांगुणाबाईंना बरं वाटलं. रत्नदीपनं माईक हातात घेतला.

"जय भीम," तो म्हणाला.

इकडून तिकडून काही आवाज आले, "जय भीम." एक म्हातारबाबा "जय ख्रिस्त" म्हणाले. शेवटच्या बाकावरून धोंडिरामांचा आवाज सगळ्यांत मोठा आला. लोक हसले, रत्नदीपही हसला आणि त्याची भीड चेपली. माईक चांगला लागला होता. भावानं काम नीट केलं होतं. तो समतेबद्दल बोलू लागला, बंधुतेबद्दल बोलू लागला. लोक शांत बसून ऐकत होते, जयंतीला ऐकतात तसे, आणि त्याला कळत होतं की हे लोक टाळ्या वाजवतील आणि घरी जातील. तरी त्याला थांबता येत नव्हतं, कारण भाषण संपल्यावर मागावं लागणार होतं.

बुद्धप्रिया चैतालीच्या मांडीवरून कधी उतरली ते कुणाला दिसलं नाही. वेदीच्या बाजूला मेणबत्त्या लावलेल्या होत्या. ती त्यांच्याकडे चालत गेली होती आणि टाचा उंचावून एका ज्योतीकडे हात नेत होती. फ्रॉकची बाही खालच्या मेणबत्तीला लागायच्या बेतात होती.

"बुद्धप्रिया!"

माईक रत्नदीपच्या तोंडासमोरच होता. स्टँडवरच्या गलक्यातसुद्धा पोचणाऱ्या त्या आवाजानं चर्चच्या भिंती दणाणल्या. बाकांवरची पोरं वळली, आईच्या कडेवर झोपलेलं एक बाळ जागं होऊन रडायला लागलं, बाहेर व्हरांड्यात उभी असलेली माणसं आत डोकावली. बुद्धप्रिया तेवढी वळली नाही. ज्योतीकडे बघून हसत राहिली.

पुढच्या बाकावरची एक बाई धावली आणि तिनं पोरीला उचलून बाजूला घेतलं. मग सगळे जण पोरीकडून रत्नदीपकडे बघायला लागले. त्याच्या हातात माईक होता आणि पाठ केलेलं भाषण कुठे थांबलं होतं ते त्याला आठवत नव्हतं. त्यानं चैतालीकडे पाहिलं. ती रडत होती, पण त्याच्याकडेच बघत होती.

"ही माझी मुलगी," रत्नदीप म्हणाला, आणि तो आवाज गाड्या पुकारणाऱ्याचा राहिला नव्हता. "तिला माझा आवाज ऐकू येत न्हाय. मला मदत करा."